धायरीच्या गोदीचं दुखणं

पुण्याहून परत आल्यावर वेंगुर्ल्यात मला ज्याने त्याने विचारलं, "काय काय पाहिलंत?" शनिवारवाडा मी चालत्या बसमधून पाहिला, पर्वती लांबून दिसली, सारसबागेतला गणपती राहूनच गेला. मी आठ दिवस पुण्यात गाढवं पाहिली. हे सांगितलं की माणसं हसतात. गावातल्या बँकेचे मॅनेजर म्हणाले, "त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलात, डॉक्टर? इथे का कमी आहेत?"

खरं म्हणजे इथे नाहीतच. तळकोकणात गाईगुरं, म्हशी, शेळ्या आणि कुत्री-मांजरं यांच्यावर माझी सरकारी दवाखान्यातली बारा वर्षं गेली. गाढव मी कॉलेजात शिकताना पाहिलं, ते शेवटचं. मग मागच्या वर्षी एका कंत्राटदाराने डोंगरावर जांभा दगड चढवायला घाटावरून सहा गाढवं आणली. त्यातलं एक 'मंद वाटतंय' म्हणून मला बोलावलं. मी ताप पाहिला, नाडी पाहिली. समोर गवत टाकलं तर त्याने तोंडात घेतलं. जखम नव्हती, लंगडत नव्हतं. "काही झालेलं नाही, कामाला लावा," असं मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते डोंगराच्या पायथ्याशी बसलं ते उठलंच नाही.

त्याला काय झालं होतं हे मला आजही माहीत नाही. पुस्तकात शोधलं तर घोड्यावर शंभर पानं आणि गाढवावर अर्धं पान. शेवटी कॉलेजात आम्हाला शिकवणाऱ्या आगाशे सरांना पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर ते पुण्यात गाढवांवर फुकट उपचार करतात असं ऐकलं होतं. उलट टपाली कार्ड आलं: 'या. येताना घोड्याचं पुस्तक आणू नका.'

सदाशिव पेठ, सोमवार

स्वारगेटला उतरले तेव्हा पौषातली थंडी होती. आमच्याकडे थंडीत एक चादर पुरते. इथे रिक्षावाल्यानेही कानटोपी घातलेली. सरांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार काकूंनी, सरांच्या पत्नीने, उघडलं. गूळ-पाणी दिलं, आणि पाठोपाठ वरण-भात, मटार उसळ, तिळाची चटणी. मासे नसलेलं जेवण मी एवढं पोटभर कधी जेवले नव्हते, आणि तसं मी काकूंना बोलूनही दाखवलं.

सर सत्तरीचे, काटकुळे, पांढऱ्या सदऱ्यात. त्यांनी माझी बॅग उघडायला लावली. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, इंजेक्शनचा डबा सगळं टेबलावर मांडलं गेलं.

"हे सगळं इथेच राहील," सर म्हणाले. "उद्या फक्त डोळे आणायचे. आणि हात मागे बांधायचे. तुम्ही डॉक्टर लोक जनावराला हात लावता, मग ते तुमच्याकडे लक्ष देतं, आणि दुखणं लपवतं."

"सर, मी तुमचीच विद्यार्थिनी आहे."

"हो, म्हणून तर शरम वाटते. हे मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. मलाच येत नव्हतं."

लोणी काळभोर, मंगळवार

सरांच्या स्कूटरवर मागे बसून सोलापूर रस्त्याने गेलो. वीटभट्टीवर तीसेक गाढवं बाभळीच्या सावलीत उभी होती, लादायला अजून वेळ होता. आम्ही भाजलेल्या विटांच्या चळतीवर बसलो. एक तास झाला, दीड तास झाला. मला वाटलं, सर झोपले.

"यांतल्या किती जणांना दुखतंय?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

मी दोन दाखवली. एक लंगडत होतं, दुसऱ्याच्या पाठीवर गोणीने घासून जखम झाली होती.

"ती मालकालाही कळतात. रोजचं, जुनं, मुरलेलं दुखणं कुणाला आहे? मघाशी ट्रक गेला, भोंगा वाजवला. सगळ्यांनी कान वळवले. कुणी नाही वळवले?"

मी परत एकेकाकडे बघत गेले. त्यांनी बोट दाखवलं. कडेला एक करडं गाढव एकटंच उभं होतं. कान दोन्ही बाजूंना सैल सुटलेले, डोळे अर्धे मिटलेले. थोड्या वेळाने त्याने पुढचा उजवा पाय हलका केला, मग डावा, मग परत उजवा. उभं राहणं म्हणजेच त्याला काम झालं होतं.

"गरीब स्वभावाचं दिसतंय," मी म्हणाले.

"हा शब्द माझ्यासमोर वापरायचा नाही. गरीब स्वभाव म्हटलं की डॉक्टर सुटतो. घोड्याला दुखलं तर तो आदळआपट करतो, घामाघूम होतो. गाढव उभं राहतं. याच्या पूर्वजांत जो दुबळा दिसला त्याला लांडग्याने आधी धरलं. म्हणून हे दुबळं दिसतच नाही. ते काय करतंय हे बघू नका, रोज करायचं ते काय करेनासं झालंय ते बघा."

हे मी वहीत लिहून घेतलं आणि लिहिता लिहिता मागे टेकले. मागे कच्च्या विटा वाळत घातल्या होत्या. एका ओळीवर माझ्या पाठीचा छाप उठला आणि साडीला चिखल लागला. भट्टीवरची एक बाई ओरडत धावत आली, आणि माझा चेहरा बघून हसतच सुटली. तिनेच पाणी आणून दिलं, वर शेजारच्या शेतातला गरम हुरडा दिला, लसणाच्या चटणीबरोबर. कोवळी ज्वारी अशी भाजून खातात हे मला ठाऊक नव्हतं. नुकसान केलं मी आणि पाहुणचारही माझाच झाला.

धायरी, बुधवार

धायरी म्हणजे अर्धं गाव, अर्धं शहर. एका बाजूला कांद्याचं वावर, त्याला लागून चार मजली इमारत. टेकाडावर नवे बंगले उठत होते, आणि ट्रक वरपर्यंत जात नव्हता. म्हणून वाळू आणि विटा रखमाबाई आणि सोपान या जोडप्याची दोन गाढवं वर न्यायची. दोन्ही माद्या. एक गोदी, एक तानी.

सरांनी मला पुढे केलं. "आज तुम्ही तपासा. तुमची बॅग आणली आहे."

मी गोदीचा ताप पाहिला, डोळे पाहिले, पोटाला कान लावला. पाठ साफ होती, जखम नव्हती. चालवून पाहिली, लंगडत नव्हती. समोर कडबा टाकला, तिने तोंडात घेतला.

"ठीक आहे," मी म्हणाले. "काही दिसत नाही."

म्हणाले आणि आठवलं. हेच शब्द, याच सुरात, मी त्या डोंगराच्या पायथ्याशी बोलले होते.

सोपान दाराला टेकून उभा होता. "म्या सांगत हुतो न्हवं? काय बी झालेलं न्हाई. कामचुकार हाय ती. उताराला लागली की मधीच हुबी ऱ्हाती. म्होरल्या आठवड्यात जेजुरीला गाडवांचा बाजार हाय, तिथं देतो काढून."

"ठीक न्हाई वो," रखमाबाई म्हणाली. चाळिशीची, अंगाने किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. "डागदरीनबाई, माजी गोदी अशी न्हाई."

सर माझ्याकडे वळले. "गाढवाला विचारून झालं. आता बाईंना विचारा."

मग मी रखमाबाईसमोर अंगणातच बसले आणि विचारत गेले. ती सांगायला लागली तशी माझी वही भरत गेली. गोदी रोज सकाळी चुलीच्या राखेत लोळायची, चारी पाय वर करून. पाऊसकाळ संपल्यापासून एकदाही लोळली नाही. दुपारी आडवी व्हायची. आता भिंतीला ढुंगण टेकवून उभ्या उभ्या डुलक्या घेते. तानी आणि ती एकमेकींची मान खाजवायच्या. आता तानी जवळ आली की गोदी तोंड फिरवते.

"आन खाती म्हंता तुमी," रखमाबाई म्हणाली, "बगा की जरा."

मी पाहिलं. कडब्याचं तेच चिपाड गोदीच्या ओठांत होतं. मघापासून तेच. जबडा हलत होता, पण चिपाड आत जात नव्हतं.

"ती खायाचं सोंग करती," रखमाबाई म्हणाली. "तुमी बगताय म्हनून."

सरांनी मान डोलावली. बारा वर्षं डॉक्टरी केलेली मी आणि कधी शाळेत न गेलेली ती, यांत गोदीचं निदान तिने केलं होतं. मी तिला हात जोडले. ती लाजून म्हणाली, "आवो, आसं काय करताय? च्या टाकते."

धायरी, गुरुवार

सकाळी एकटीच बसने गेले आणि काही न बोलता अंगणाच्या कोपऱ्यात बसून राहिले. गोदी पुढचे पाय आळीपाळीने उचलत होती. इतकं हळू, की नजर हटली तर दिसूच नये. सर आल्यावर आम्ही खूर धुतले. खुरांवर आडव्या कडा उठल्या होत्या, टाचा वाढून वाकल्या होत्या. सरांनी लोखंडी चिमट्याने खुराचा तळवा हळूच दाबला. मी पाय ओढला जाईल या तयारीत होते. गोदीने पाय ओढला नाही. तिने श्वास धरला, एवढंच. बरगड्यांवर माझा हात होता म्हणून मला कळलं.

"खुराच्या आतलं जुनं दुखणं," सर म्हणाले. "आतला मऊ भाग सुजून सुजून बसलाय. उतारावर सगळा भार पुढच्या पायांवर येतो, म्हणून थांबते. कामचुकार नाही ती."

सोपानचं समाधान झालं नाही. "म्हंजी आता काय? आवशिद खाऊन काम करील?"

"पाच दिवस वेदना कमी करायचं औषध द्यायचं आणि बघायचं," सर म्हणाले. "आपल्या अंदाजावर जायचं नाही. दुखणं उतरलं की ती पहिल्यासारखी वागायला लागेल, मग तुम्हीच मला सांगाल. घोड्यापेक्षा गाढवाच्या अंगातून औषध लवकर उतरतं, तेव्हा पाळ्या चुकवायच्या नाहीत. तोवर ओझं बंद. आणि तानीलाही घरीच ठेवा. जोडीदारीण गेली की ही खायचं सोंगसुद्धा सोडेल."

"दोन्ही घरी? आन वाळू काय मी खांद्यावर न्हेऊ?"

"मी न्हेते," रखमाबाई म्हणाली. "घमेल्यानं."

सोपान तिच्याकडे बघत राहिला. तिने चुंबळ वळायला घेतली होती. थोड्या वेळाने तोही दुसरं घमेलं शोधायला लागला.

बाजार पुढच्या बुधवारी होता. तोपर्यंत थांबायचं कबूल झालं. सरांनी कानशीने खुरांच्या टाचा थोड्याशा घासल्या. एकाच दिवशी सगळं कापलं तर चाल बदलून दुसरीकडे दुखायला लागतं, म्हणून थोडंच. औषध गुळाच्या खड्यात घालून भाकरीत दडवलं. गोदीने वास घेतला आणि मान फिरवली. तानीने मात्र मान पुढे केली. शेवटी रखमाबाईने तानीला साधी भाकरी दाखवत दाखवत गोदीला औषधाची भरवली.

धायरी, शुक्रवार

गोदीत फरक नव्हता. मी दर अर्ध्या तासाला वहीत लिहीत होते: कान, डोळे, पाय, तानीपासून किती हात लांब. समोर टेकाडावर रखमाबाई आणि सोपान घमेली घेऊन चढत-उतरत होते. दुपारी मला बघवेना. पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि एक घमेलं उचललं.

सुरुवातीचा चढ जमला. अर्ध्या वाटेवर मानेतून कळ आली. थांबले. मागून सोपान म्हणाला, "काय झालं? थांबलात का?" मी उत्तर द्यायला मान वळवली आणि सगळी वाळू अंगावर ओतली. रखमाबाई खाली बसून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सोपानही हसला. मग त्याचं हसू थांबलं. गोदी जिथे उभी राहायची त्या वाटेकडे तो बघत होता.

त्या दिवशी जेवायला तिने बाजरीची भाकरी, तीळ लावलेली, आणि वांगं-घेवड्याची मिसळ भाजी वाढली. आमच्या तांदळाच्या भाकरीची सवय असलेल्या हाताला ती जड वाटली. दुसरी मात्र मागून घेतली.

खडकवासला, शनिवार

"एक दिवस तरी पुणं बघा," असं म्हणून सरांनी मला काकूंबरोबर धरणावर पाठवलं. थंड वारा, निळं पाणी, पलीकडे सिंहगड. काठावर कणसं भाजत होते, कांदाभजी तळत होते. आम्ही भजी घेतली आणि कठड्याशी उभ्या राहिलो.

चार दिवस माझ्या डोळ्यांना एकच वळण लागलं होतं. काकू बोलत होत्या, हसत होत्या, आणि उजवी टाच उचलून डाव्या पायावर उभ्या होत्या. मग मला आठवलं: सोमवारपासून त्या टेबलाला हात लावूनच उठत होत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी क्षणभर थांबत होत्या. आणि कालपासून जप खाली बसून न करता खुर्चीवर करत होत्या.

"काकू, गुडघा कधीपासून दुखतोय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही."

त्यांनी भजीचा कागद घडी करायला घेतला. "होतील चार-पाच वर्षं. ह्यांना सांगू नकोस. अगं, दिवसभर उन्हातान्हात जनावरांमागे फिरतात. घरी आल्यावर आणखी हे कशाला?"

मी सांगितलं. रात्रीच्या जेवणाला, त्यांच्या समोरच. सरांचा घास हातातच राहिला.

"जेवण निवतंय," काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा सर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. हातात पेपर नव्हता. काकू पोळ्या लाटत होत्या आणि ते त्यांच्याकडे बघत होते.

"अहो, मी काय गाढव आहे का असं टक लावून बघायला?"

"गाढव असतीस तर पाच वर्षांपूर्वीच कळलं असतं," सर म्हणाले. आवाज मात्र नेहमीसारखा कोरडा नव्हता. दुपारी शेजाऱ्यांकडून हाडांच्या डॉक्टरांची वेळ त्यांनीच ठरवून आणली, आणि संध्याकाळचे कप त्यांनीच विसळले. एक फोडला. काकूंनी मला हळूच खूण केली, काही बोलू नकोस म्हणून. त्या हसत होत्या.

धायरी, सोमवार

दुपारच्या एसटीचं तिकीट काढलं होतं. सकाळी सरांबरोबर शेवटचं धायरीला गेले. रविवारी रखमाबाईने गोदीच्या नोंदी घरातल्या भिंतीवर कोळशाने केल्या होत्या. तानीजवळ उभी राहिली की एक रेघ. सहा रेघा होत्या.

गोदी अंगणात होती. चुलीची राख नुकतीच बाहेर टाकलेली. ती राखेपाशी गेली, हुंगली, पुढचा एक पाय दुमडला आणि थबकली. आम्ही चौघं जागच्या जागी. मग तिने दुसरा पाय दुमडला, धप्पकन बसली, कुशीवर वळली, आणि एकदम चारी खूर आभाळाकडे. एकदा या कुशीवर, एकदा त्या. राखेचा लोट उठला. तानी धावत आली आणि तिच्याभोवती फिरून ओरडायला लागली.

रखमाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. माझंही तेच झालं होतं. ज्याचं नावही मला माहीत नव्हतं त्या डोंगरावरच्या गाढवाची मनात माफी मागितली. ती त्याला पोचणार नव्हती, तरी मागितली.

"ही बरी झाली असं समजू नका," सर सोपानला म्हणाले. "खुराच्या आत जे बिघडलंय ते राहणार. चढ-उतारावरचं ओझं कायमचं बंद. सपाटीवर, हलकं, तेही बघून. औषध लागेल तेव्हा मी येईन. आणि दुखणं वाढलं तर ती सांगणार नाही. तुम्हालाच बघावं लागेल."

जेजुरीचं नाव सोपानने काढलं नाही. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "उताराला हुबी ऱ्हायची तवा म्या मागनं काठी घालायचो वो. मला वाटायचं, मुद्दाम करती."

रखमाबाईने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला नाही. त्याने तांब्या खाली ठेवला आणि माझ्या हातातली खूर साफ करायची आकडी मागितली.

"द्या हिकडं. उद्या तुमी न्हाईसा. कसं करत्यात दावा."

मी दाखवलं. टाचेकडून पुढे, मधल्या मऊ भागाला न टोचता. तो उकिडवा बसला. गोदीचा पुढचा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. आकडी लावायच्या आधी थांबला आणि मान वर करून हळू आवाजात म्हणाला, "दुखतंय का गं?"

आणि तिच्या तोंडाकडे बघत, उत्तर मिळेपर्यंत बसून राहिला.